तोंडानं आवाज काढून दाखवा!

गॅरेजमध्ये भंगार साठतं, तसे किस्सेही साठतात. भंगार निदान भंगारवाला घेऊन जातो, किस्से तिथंच पडून राहतात. ज्यांचे किस्से, ती माणसं मात्र एकेक करून यायची बंद होतात.

नागपूरच्या मनीषनगरात माझं आणि प्रभाकरचं गॅरेज आहे. फोनवर कुणी 'गाडी स्टार्ट होत नाही' म्हटलं, की प्रभाकरचं ठरलेलं, "आवाज कसा करते? तोंडानं काढून दाखवा!" टक्-टक्-टक्-टक् केलं, तर बॅटरी उतरलेली. एकच 'टक्' आणि पुढे काही नाही, तर बहुधा स्टार्टर. निम्मं काम फोनवरच!

*

एक बँकेतले साहेब सीताबर्डीच्या ऐन गर्दीत अडकले. फोनवर हळूच म्हणाले, "टक्."

"काही आयकू नाही येऊन राहिलं. मोठ्यानं!"

साहेबांनी लाज सोडून असा टक् काढला, की शेजारचा कपडेवाला धावत आला, "काहून साहेब, गाडीत पाल घुसली का?"

*

एकदा वरात निघायची वेळ आणि नवरदेवाची गाडी बंद! प्रभाकरनं नवरदेवालाच फोनवर घेतलं. त्यानं मुंडावळ्या बाजूला सारून टक्-टक्-टक्-टक् केलं. दुपारपासून गाडीत गाणी वाजत होती, बॅटरी कशी राहणार?

"धक्का मारा!" प्रभाकर म्हणाला. वऱ्हाडी नाचत नाचत धक्का मारायला लागले. मुलीकडच्यांना वाटलं, नागपूरकडे अशीच पद्धत असेल. त्यांनीही हात लावला!

*

पण आवाज काढावा तो लांजेवार काकूंनीच.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. जन्म मशिनींच्या घरघरीत गेलेला, त्यामुळे बोलणं मोजकंच. "बंद हाय," एवढंच सांगायचे. मग काकू त्यांच्या हातून फोन घ्यायच्या आणि गाडीच बोलायला लागायची! प्रभाकर स्पीकर लावायचा, सगळं गॅरेज पाने खाली ठेवून ऐकायचं. त्यानं फोन नाही उचलला, तर काकू काकांच्याच फोनवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. एकदा तर आवाज काढून वर काकूंनीच विचारलं, "सांग आता, बॅटरी का स्टार्टर? माह्या मतानं बॅटरी!"

बॅटरीच निघाली. प्रभाकर म्हणाला, "काकू, गॅरेजात या कामाले!"

"येतो ना. पण तुह्या काकायले जेवाले कोण वाढन?"

फोटोचं नाव काढलं की मात्र पदर तोंडावर. व्हिडिओ तर कुणाला काढूच दिला नाही.

*

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून कुणीही फोनवर टक्-टक् केलं की त्यांचीच आठवण येते. प्रभाकर आता स्पीकर लावत नाही.

*

परवा काकांचा फोन आला. "गाडी चालू होऊन नाही राहिली."

प्रभाकर सवयीनं बोलून गेला, "आवाज काढून दाखवा ना काका."

काका म्हणाले, "मले नाही येत गा. तुही काकूच काढे." आणि फोन ठेवला.

तासाभरानं काका स्वतःच गाडी चालवत गॅरेजवर हजर! इंजिन मस्त चालू. प्रभाकर बघतच राहिला. "काका, हे तं चालू हाय!"

"गाडीले काही नाही झालं." काका खाली उतरले. "तुही काकू तुले आवाज रेकॉर्ड करून पाठवे ना? माह्या फोनमधलं सारं गेलं, गा. तिचा आवाजच नाही राहिला माह्याजवळ. तुह्याकडे असन का?"

प्रभाकरनं कॉम्प्रेसर बंद केला. फोन काढून काकूंचे जुने मेसेज शोधत गेला. सापडला. काकांना खुर्ची दिली आणि खूप दिवसांनी स्पीकर लावला.

"टक्... टक्... घर्रर्र... टक्. अशी करून राहिली पाह्य, प्रभाकर. आता तुमी काहून हासून राहिले हो? या, तुमीच काढा मंग आवाज!"

संपलं. काका मान खाली घालून बसले होते. प्रभाकर म्हणाला, "काय वाटते काका, बॅटरी का स्टार्टर?"

काका म्हणाले, "समजलं नाही गा. अजून एकडाव लाव."