गोदाला दाणा चालत नव्हता

हिंगोलीच्या दवाखान्यातून फोन आला, गोदा गेली. माझी धाकटी जाऊ. आमच्या साखरा गावातल्या बायकांनी आधी एकच विचारलं, दाणा खाल्ला होता का? नाही. हृदय बंद पडलं. गोदा शेंगदाण्यानं मेली नाही, हे एकदा सांगून टाकते.

शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी तिचे ओठ सुजायचे, गळा आवळून यायचा. आमच्याकडं भाजीला कूट, चटणीला दाणा, उपासाला तर दाण्याशिवाय काही नाही. एकादशीला ती पाण्यावर राहायची आणि बाया तिला लई भाविक समजायच्या. खरं सांगितलं की हसायच्या. शेतकऱ्याच्या घरात दाणा बाधतो म्हणे... राजवाड्यातून आली काय?

मागं आम्ही दोघी यात्रेच्या बसनं नेपाळला गेलो. आचारी आपल्याकडचाच, किराणा सगळा इथूनच नेलेला. तिथल्या पहिल्या जेवणाला गोदानं त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, एक दाणा न्हाई यात." दाणा नव्हताच, कूट होतं. त्याच्या लेखी कूट म्हणजे मसाला. दोन घासांत तिचा श्वास कोंडला. दवाखाना जवळ होता, सुई टोचली, म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी ती पंगतीला बसलीच नाही. रस्त्यापलीकडं एक म्हातारी डाळभाताचं हॉटेल चालवायची, तिकडं निघाली. बाया म्हणाल्या, आपल्या माणसाच्या हातचं सोडून परक्याच्या चुलीवरचं खाणार?

"आपल्या माणसानंच तर काल मारलं असतं," गोदा म्हणाली.

म्हातारीला आमचं बोलणं कळेना. गोदानं आचाऱ्याच्या पोत्यातून उचललेली अख्खी शेंग दाखवली, दुसऱ्या हातानं स्वतःचा गळा धरला, डोळे पांढरे केले. मला हसू आलं. म्हातारी हसली नाही. तिनं शेंग घेऊन गटारीत फेकली, हात धुतले, पातेलं पुन्हा घासलं आणि नवा भात लावला. गोदा मान खाली घालून पोटभर जेवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आक्का, हिनं लगेच मानलं बगा."

तेरवीला वांग्याची भाजी होती, कूट घालून. गोदाच्या सुनेनं थोडी बिनकुटाची करून सासूच्या फोटोपुढं वाढली. एकीनं विचारलं, हे वेगळं काहून?

"आत्याबाईला दाणा चालत न्हाई."

कुणी हसलं नाही.

अजूनही सुनेच्या हातून एक पातेलं बिनकुटाचं होतं. मग ते खायचं कुणी, म्हणून मला हाक मारते. चव काही लागत नाही... खाते.