वेळेआधी वाजलेली ग्लोरियाची घंटा

प्रभू येशू मेलेल्यांतून उठला, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. आमच्या ठाण्यात एका वर्षी तो ठरल्या वेळेच्या बराच आधी उठला, आणि त्याला उठवणारा माणूस मी आहे.

आधी रीत सांगतो. पवित्र आठवड्यात गुरुवारी आमच्या देवळातली (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) घंटा मुकी होते. शनिवारी सकाळच्या उपासनेत, म्हणजे मिस्सेत, पाद्रींनी ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत सुरू केलं की प्रभू उठला, आणि घंटा पुन्हा वाजते. त्याच क्षणी मूर्तींवरचे जांभळे पडदे खाली येतात, बाहेर वाजंत्री सुरू होते आणि चाळीस दिवसांचा उपास सुटतो! ती घंटा वाजवायचा मान घराघरांत पाळीने फिरे. माझे सासरे इनासमामा, मिठागरावरचे मुकादम, यांचा जन्म या पाळीची वाट बघण्यात गेला होता. त्या वर्षी ती आली; पुन्हा येईल तेव्हा आपण नसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घंटेचा मनोरा बाजूला, भिंती हातभर जाड, त्यात मामांना ऐकू कमी. म्हणून गायकांच्या माळ्यावरच्या खिडकीतून कोणीतरी पांढरा रुमाल दाखवायचा आणि तो बघून मामांनी दोर ओढायचा, असं ठरलं. मी त्या घरचा नवा जावई, आणि कल्याणला रेल्वेत निशाणवाला. (माझ्या झेंड्यावर आगगाडी थांबते, हे मी सासुरवाडीत गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितलं होतं.)

“जावई आगगाडी थांबवतो, मग ग्लोरिया काय चीज हाय!” मामा म्हणाले. झालं, रुमाल माझ्या हातात आला.

शनिवारी देऊळ खचाखच भरलं. ग्लोरियाच्या आधी जुन्या करारातले बारा लांबलचक पाठ असतात, तेही लॅटिनमध्ये. बाहेर उन्हाळा, माझ्या अंगात लग्नातला काळा कोट. खाली नोहाच्या पुराचा पाठ चालला होता आणि वर माझ्या मानेवरून पूर वाहत होता. मी रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. चांगलं ऐसपैस पुसलं.

घण्ण! घण्ण!

घंटा ऐकताच पडदेवाल्यांनी दोऱ्या सोडल्या. जांभळे पडदे धडाधड खाली, त्यातला एक पाठ वाचणाऱ्याच्या डोक्यावर! बाहेर वाजंत्री पेटली, फटाके उडाले. आमचे पाद्री गोव्याचे, उंच आणि शांत. ते सावकाश वळले.

“प्रभू अजून थडग्यात आहे,” ते म्हणाले. “त्याला उठवायची इतकी घाई कोणाला झाली?”

सगळ्या देवळाने माळ्याकडे बघितलं. मी रुमाल खिशात कोंबला, पण तोवर फार उशीर झाला होता.

तेवढ्यात दारात माझ्या सासूबाई! घरी चुलीपाशी होत्या, तिथून धावत आलेल्या. एक गाल फुगलेला.

“पाद्रीबाबा! घंटा वाजली म्हणून डुकराच्या मटणाचा घास घेतला. वाटेत समजलं, ग्लोरिया झालाच नाय! आता गिळू का थुंकू?”

पाद्रींनी डोळे मिटले. “घंटेवर विश्वास ठेवून घेतलास ना? मग पाप नाही. गिळ.”

“आणि टोपातलं?”

“झाकून ठेव!”

त्यांच्या मागोमाग आमचे शेजारी नाना आले, कलेक्टर कचेरीतले कारकून. दरवर्षी ही घंटा ऐकली की ते नारळ घेऊन पाद्रींच्या भेटीला येत. परिस्थिती कळल्यावर म्हणाले, “असं होय! आम्ही थांबतो की पायरीवर. मुहूर्ताआधी अक्षता टाकणारे आमच्याकडेही असतातच.”

लोक हसले, आणि त्या हसण्यातच मामा मनोऱ्यावरून खाली आले. मीही माळ्यावरून उतरून बाहेर धावलो. समजलं तसे ते तिथल्याच पायरीवर बसले. “माझी पाळी गेली,” एवढंच म्हणाले.

“वाजवली म्हंजे पाळी झालीच,” देवळाचा कारभारी म्हणाला. “आता दोर पुढल्या घराचा.”

मामांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते नुसते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाद्री बाहेर आले. “ज्या घंटेने प्रभू उठला नाही, ती घंटा वाजलीच नाही,” त्यांनी निवाडा दिला. “इनास, वर जा.”

मी थक्क झालो. वाजलेली घंटा न वाजलेली करायची ही केवढी ताकद! आमच्या रेल्वेत सुटलेली गाडी न सुटलेली करणं कुठल्या गोऱ्या साहेबालाही जमलं नसतं.

शिडी आली, पडदे पुन्हा चढले. माझा रुमाल जप्त झाला. परत माळ्यावर जायचं आणि वेळ आली की खिडकीत फक्त उजवा हात वर करायचा, असा मला हुकूम झाला.

मग एकदाचे पाठ संपले. पाद्री शुभ्र झग्यात वेदीपुढे उभे राहिले आणि त्यांनी ग्लोरिया सुरू केला. या वेळी पडदेवाले घंटेवर विसंबले नाहीत. पडदे पडले, आणि इतके दिवस झाकलेली मरियामाता उन्हाच्या तिरिपेत एकदम समोर आली. सोनेरी वेदी झळाळली. मिठाने पाय फाटलेली ती सगळी माणसं एकदम गुडघ्यांवर आली. दारात नानांनी हात जोडले. लहानपणापासून मी हे बघत आलो होतो, पण वरून कधीच नाही. अंगावर काटा आला, डोळे भरले. खरंच प्रभू उठला, असं मला तेव्हा वाटलं, आणि मीही हात जोडले.

दोन्ही!

पाद्रींनी आवाज चढवला. घंटा गप्प. मनोऱ्यात दोर धरून मामा माझ्या खिडकीकडे टक लावून उभे, आणि मी आपला स्वर्गात!

तेव्हा बायकांच्या बाजूने माझी बायको रोझ उठली आणि तडक दाराबाहेर पळाली. मिठागराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला बापाला जेवायला हाका मारून तिचा गळा तयार झालेला.

“बा! उठला रे, उठला! वाजव!”

घंटा अशी वाजली की तळ्यावरचे बगळे उडाले. मामा रडत होते, हसत होते आणि ओढत होते. मिस्सा संपल्यावर त्यांच्या हातातून दोर सोडवावा लागला.

त्या वर्षापासून आमच्या देवळात नियमच आहे: इशारा त्या घरच्या लेकीने द्यायचा, जावयाने कशालाही हात लावायचा नाही. नवा पाद्री आला की हटकून विचारतो, हा नियम रोमच्या कुठल्या ग्रंथात सापडतो? तेव्हा सगळं देऊळ अदबीने माझ्याकडे बोट दाखवतं. पवित्र ख्रिस्तसभेच्या शिकवणीत ठाण्याने घातलेली भर ती एवढीच, आणि तिचा ग्रंथ मी!