जंतूबाईंची पर्स

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मुलं जंतूबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण तिला ते ठाऊक आहे आणि वर त्याचा अभिमानही आहे. स्टाफरूममध्ये आम्हा दोघींचं टेबल एकच. मी गणित शिकवते. माझा आवाज खालच्या फाटकापर्यंत जातो, माझं डोकं सकाळपासून ठणकत असतं, आणि मुलांनी मला काय नाव ठेवलंय ते मला विचारू नका.

पुस्तक उघडून शिकवायचं म्हणजे हिला कमीपणा वाटतो. संसर्गजन्य रोगांचा धडा आला, की ही बया तळहाताला गुलाबी खडूचा चुरा चोळते आणि एका मुलाशी हात मिळवते. मग सगळ्यांनी आपापली कामं करायची. तास संपताना ज्याचा हात गुलाबी तो आजारी! एकदा का मुलांना हे कळलं, की हिचा हात दिसताच वर्ग बाकांखाली. यंदा तो गुलाबी रंग वर्गाबाहेर पडला. फळ्यावरून माझ्या डस्टरवर, डस्टरवरून मुख्याध्यापकांच्या बोटांवर आणि तिथून थेट त्यांच्या नाकावर. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर गुलाबी नाकाने शिस्तीवर भाषण करत होते बिचारे.

"अगं, नोकरी घालवशील एक दिवस!" मी म्हटलं.

"बघितलंस ना, गणित? साथ अशी पसरते," म्हणाली. मला ती गणित म्हणते, नावाने नाही.

पंचाईत झाली पुढच्या धड्याची. मधुमेह, रक्तदाब हे काही हातातून हातात जात नाहीत. मग खेळ कसा करायचा? हिला घास गोड लागेना. शेवटी एका सकाळी मैदानातले काळे खडे गोळा करून वर्गात आली. आळस केला, गोड हादडलं, खेळायचा कंटाळा केला, की आपल्याच खिशात एक खडा टाकायचा. आपला खडा दुसऱ्याला देता येणार नाही, दुसऱ्याचा आपल्याला लागणार नाही. खिसा फाटला, की दवाखान्यात जाऊन तपासणी.

"आणि काहींच्या खिशात जन्मापासूनच थोडे खडे असतात," ती म्हणाली. "आईवडिलांकडून आलेले. त्यात त्यांचा काही दोष नाही."

"बाई, तुम्ही पण खेळणार?" पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं.

"खेळणार की!" म्हणत हिने आपली पर्स पुढे केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलांना भूमितीतला कोन दिसत नाही, पण हिने खणात लपवलेला बिस्किटांचा डबा बरोब्बर दिसतो. बिस्कीट खाल्लं, टाक खडा. घर हाकेच्या अंतरावर, तरी नवऱ्याच्या स्कूटरवरून आली, टाक खडा. पर्स दिवसेंदिवस जड होत चालली आणि सगळी शाळा हसत होती.

मीही हसायचे, पण हसता हसता माझी नजर हिच्या पायाकडे जायची. हिच्या टाचेला एक जखम झाली होती, ती काही केल्या भरत नव्हती. सारखी पाणी प्यायची. हिच्या वडिलांना साखर होती आणि शेवटी त्यांचा पाय कापावा लागला होता, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

"रक्त तपासून ये," मी रोज सांगायचे.

"चप्पल चावते गं."

"मग चप्पल बदल, बाई!"

नवी चप्पल आली, पण दवाखान्यात पाऊल काही पडलं नाही. सगळ्या शाळेला शहाणपण शिकवणारी ही, स्वतः सुईला भिते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आता सगळी आशा त्या पर्सवर. पण पर्स चामड्याची, मेली फाटेल तर शपथ! शेवटी एकदा मधल्या सुट्टीत ही हात धुवायला गेली, तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या दारातल्या कुंडीतले शोभेचे पांढरे खडे ओंजळभर उचलले आणि पर्सच्या तळाशी कोंबले.

शाळा सुटताना, भर जिन्यात, पर्स फाटली. खडे धडधडत पायऱ्या उतरले. खालून मुख्याध्यापक येत होते. ते कठड्याला लटकून एकेक पाय उचलायला लागले.

"फाटली! बाई, तपासणी!" सगळा वर्ग ओरडला.

"शिवण उसवलीय फक्त," ही म्हणाली.

"बाई, नियम म्हणजे नियम," दोन वेण्यांची म्हणाली.

हिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

दवाखान्यात मी सोबत गेले. बोटाला टोचताना हिने माझं मनगट असं आवळलं, की मीच किंचाळले. साखर निघाली, भरपूर निघाली. डॉक्टरीणबाईंनी टाच बघितली आणि म्हणाल्या, "अजून थोडं थांबला असतात तर अवघड होतं. आता बरी होईल." ऐकून मी बाकावर बसून ढसाढसा रडले. आजारी ती, आणि डोळे पुसायला तिलाच मला रुमाल द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सरळ सांगितलं, "मला मधुमेह आहे." मी दारात उभी होते. मग दोन वेण्यांची उठली, पुढे आली आणि हात पुढे केला.

"बाई, हा लागत नाही ना!"

मग सगळा वर्ग हात मिळवायला रांगेत उभा राहिला. गुलाबी हाताला भिऊन बाकांखाली लपलेलेसुद्धा.

स्टाफरूममध्ये येऊन तिने टेबलावर रुमालाची गाठ सोडली. आत पांढरे खडे.

"मैदानातले काळे असतात, गणित. लबाडी तरी नीट करायचीस."

"फाटली ना पर्स? गेलीस ना?"

"गेले. पण हे माझे नव्हेत." तिने खडे उचलून माझ्या पर्समध्ये टाकले. "रोज ओरडतेस, जेवताना ताटात वरून मीठ घेतेस, डोकं दुखलं की गोळी गिळतेस. तुझ्या आईला रक्तदाब होता. तू कधी तपासलास?"

"डोकं या कार्ट्यांमुळे दुखतं!" असं ओरडायला मी तोंड उघडलं. तर दारात दोन वेण्यांची उभी, चिमटीत एक काळा खडा धरून, अगदी शांतपणे वाट बघत.

मी तोंड मिटलं. पर्स उचलली. जड होती.

"चल," मी म्हटलं, "आणि स्कूटर बोलावू नकोस, चालत जाऊ."