भोग्याचं घर

खिडक्यांना बसवलेली ती डासांची जाळी मी अजून विसरले नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, चोऱ्या-मारामाऱ्या धूसर झाल्या, जाळी तेवढी राहिली.

म्हैसूरला मी तेव्हा इन्स्पेक्टर होते. सकाळची हजेरी आटोपून कॉफी घेत होते, तर एक तरुण ठाण्यात आला. पुण्याकडून नोकरीसाठी इथं आलेला, कॉम्प्युटरवाला. छातीवरच्या पाटीवर माझं आडनाव वाचलं आणि मराठीतच सुरू झाला, आपलं माणूस भेटलं म्हणून. मी म्हटलं, बसा, आपलं माणूस आधी तक्रार ऐकतं.

कडकोळच्या रस्त्याला त्यानं बँकेचं कर्ज काढून फ्लॅट घेतला होता, भाड्यातून हप्ता फिटावा या हिशेबानं. स्वतःला सवड नाही, म्हणून सगळं एका एजंटावर सोपवलेलं. दीड वर्ष महिन्याचे चौदा हजार चोख आले. मग चार महिने बंद. एजंट म्हणतो, भाडेकरू बाई भाडं देत नाही. तर बाईला बाहेर काढा.

प्रकरण दिवाणी आहे, घर रिकामं करून देणं पोलिसांचं काम नव्हे, हे त्याला समजावलं. तरी अर्ज आला म्हणजे चौकशी आली. एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन गेले.

बाई विधवा, नंजनगूडच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी. त्या दिवशी सुट्टी होती. पोलीस बघून घाबरली, तरी आधी पाणी दिलं. पाणी पिता पिता मी घर बघत होते. सगळ्या खिडक्यांना नवी जाळी, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा नवा ओटा. मला खटकलं. भाडं बुडवणारा माणूस दुसऱ्याच्या ओट्यावर पैसा घालतो होय? असा खर्च करणारे लोक मला माहीत होते. मंडी मोहल्ल्यात लहानपणी आमचंच बिऱ्हाड तसं होतं.

"अम्मा, घर भोग्याला घेतलंय का?"

"हो. सात लाख दिलेत. ह्यांच्या फंडाचे."

भोग्य ही आमच्याकडची जुनी रीत. मालकाला एकरकमी पैसे द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्यानं राहायचं आणि निघताना रक्कम जशीच्या तशी परत घ्यायची. तिनं करार दाखवला. सगळा कन्नडमध्ये, तीन वर्षांचा, खाली मालकाची सही.

ठाण्यात तो कागद त्या तरुणापुढं ठेवला. सही त्याचीच निघाली. भाडेकरार आहे म्हणून एजंटानं पुढं केला, यानं केली. कन्नड येत नव्हतं आणि भोग्य हा शब्दही कधी ऐकला नव्हता. वाचता येत नव्हतं तर वाचून घ्यायचं होतं, असं मी जरा कडकच बोलले.

मग एजंटाला बोलावून घेतलं, तो गोडबोल्या. बाईकडून रोख घेतली, मालकाला रोख दिली, पावती तेवढी घ्यायची राहिली, हेच घोकत होता. मी आवाज चढवला नाही. ओरडलं की खोटा माणूस सावध होतो. मालकाच्या बँकेचा उतारा पुढं सरकवला.

"सात लाख मालकाला पोचले ना? मग भोग्याच्या घराचं भाडं दर महिन्याला तू कशाचं पाठवत होतास?"

तेव्हा तो कबूल झाला. बाईच्याच पैशातून तिच्याच घराचं भाडं मालकाला जात होतं. बाकीचे त्यानं दुसरीकडं घालवले होते.

गुन्हा नोंदवला, अटक झाली, जामीनही झाला. खटल्याच्या तारखा अजून पडताहेत. वसुली शून्य.

मालकाला मी त्या घरी घेऊन गेले. बाई आल्यापासून तो पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होता. ओट्यावरून त्यानं नुसता हात फिरवला. बाईनं विचारलं, "मी घर सोडू का?" त्यानं मानेनंच नको म्हटलं.

दोघंही सज्जन. हा एकदा जिना चढला असता, तिनं एकदा मालकाला फोन केला असता, तर ही फाइल उघडलीच नसती. एवढ्या नोकरीत लबाडांनी मला जेवढं थकवलं नाही, तेवढं सज्जनांच्या कंटाळ्यानं थकवलं.

कराराची मुदत कधीच संपली. बाई अजून तिथंच आहे. तिचे पैसे फिटल्याशिवाय निघणार कशी? करारावर सही त्याची, म्हणून पगारातून बँकेचा हप्ता भरून उरेल ते तो दर महिन्याला तिला नेऊन देतो. ती कन्नडमध्ये पावती लिहिते. तो बोट ठेवून एकेक अक्षर लावतो, अडलं तर तिलाच विचारतो, आणि मगच खिशात घालतो.