मिठाच्या कणांचा भागाकार

आमच्या हिच्या मामांएवढा संशयी माणूस पेणपासून रोह्यापर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मामा आधी त्याच्यावरच संशय घेतील. रोह्याच्या एका कंपनीच्या गेटवर ट्रक तपासण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन पेणला रामवाडीत राहायला आले तरी तपासणी चालूच आहे. वडखळला गाड्या तुंबल्या की त्यामागे वडापाववाल्यांचा हात असतो. शेजारी दोनदा हसून बोलला की त्याला नक्की शिडी हवी असते.

मामी गेल्या आणि मामांना घर खायला उठलं. तेव्हापासून ते दर रविवारी एसटीने लेकीकडे रोह्याला जाऊ लागले. आठवड्यातला तेवढाच दिवस ते पोटभर जेवतात. निमित्त नातीच्या गणिताचं, कारण क्लासच्या सरांवर त्यांचा विश्वास नाही. अवाढव्य संख्या दहाच्या घातात लिहिलेल्या बघून तर ते हादरलेच. "एवढी शून्यं गेली कुठं?" म्हणत त्यांनी ती सगळी पेपरच्या समासात लिहून काढली, तेव्हा कुठे घातांकाला घरात घेतलं. मग स्वतःच उदाहरण रचलं: मिठाचा ढीग ६ × १०⁹ मिलिग्रॅमचा, एक कण ६ × १०⁻² मिलिग्रॅमचा, तर ढिगात कण किती? कणाचं वजन पडताळायला ते कण मोजून पुडीत बांधून सोनाराकडे गेले. त्या बिचाऱ्याने तोलून दिले, पण त्यातले दोन त्याने ठेवून घेतले असं मामांचं ठाम मत आहे. दोघांत अजून अबोला आहे.

नात मात्र दर रविवारी चुकायची. नऊमधून उणे दोन वजा करताना त्या दोनामागचं उणे गाळायची, नि घात अकराऐवजी सात यायचा. मग भागल्यावर संख्या वाढते कशी, हे मामा पुन्हा पहिल्यापासून समजावत. त्यात जेवण होई, चहा होई, आणि संध्याकाळची एसटी येई.

गेल्या रविवारी मीही सोबत होतो. निघताना लेकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की हीच उदाहरणं पोरगी शाळेत सगळ्या वर्गाला फळ्यावर सोडवून दाखवते. मामांना कळलं तर त्यांचा रविवारही जायचा. पण लेक माझ्याशी काय कुजबुजली, हे मामांच्या नजरेतून सुटतंय होय? परतीची एसटी गडबला पोचेपर्यंत त्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलंच.

"मला पयल्याच रविवारी संशय आला व्हता, जावईबापू," ते शांतपणे म्हणाले. "चुकणारं माणूस दर वेळी नव्या जागी चुकतं. ही एकाच जागी चुकते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिला बरोबर उत्तर काढावं लागलं असतं."

त्यांचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही.

"पुढल्या वर्षी तिची दहावी हाय," मामा म्हणाले. "तवा तिला चुकायला येळ नाय मिळायचा."