नमुना सरांची पिशवी

नमुना सर प्रश्न विचारायचे आणि पाठ फिरवायचे. समोर गावचा पाटील असो की डोक्यावर हंडा घेतलेली बाई, सर कापडी पिशवीचं तोंड पुढं करत आणि स्वतः वळून लांबच्या एखाद्या बाभळीकडं बघत उभे राहत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, हे गृहस्थ रुसले की काय. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, माणूस आपल्या तोंडाकडं बघून उत्तर देतोय. आपलं तोंडच न्हाई दिसलं, तर नाइलाजानं खरं बोलतोय."

कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत. तासभरात 'नमुना' हा शब्द इतक्यांदा येई, की पोरांनी तोच त्यांना चिकटवला. त्यांच्या वागण्यालाही तो शोभत होता, ही गोष्ट वेगळी. सरांना हे नाव माहीत होतं आणि त्याचा राग नव्हता. "मोंढ्यात जाऊन बघा," म्हणायचे, "पोतं कुणी उपसत न्हाई. मूठभर नमुन्यावर भाव ठरतोय. नमुना म्हणलं की मान वर पाहिजे माणसाची."

एका दैनिकासाठी सर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला जिल्ह्याचा कौल काढत. कलेक्टर, एसपी, पालकमंत्री, यांच्या कामावर लोक खूश आहेत का, एवढाच प्रश्न. मी तेव्हा त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवत होतो. मोटारसायकल माझी, पिशवी सरांची. गावाच्या पारावर आम्ही उतरलो की एखादा म्हातारा विचारी, "कौल देवाला लावायचा असतोय. कलेक्टरला कावून लावताय?" सर हसून म्हणत, "देवाला लावून बघितला की तुमी इतके वर्षं."

तोंडी विचारलं तर शेजारचा ऐकतो, म्हणून ही पिशवी. सर प्रत्येकाच्या तळहातावर एक ज्वारीचा दाणा आणि एक सरकी ठेवत. ज्वारी म्हणजे पसंत, सरकी म्हणजे नापसंत. मूठ पिशवीत घालायची, मनातला दाणा आत सोडायचा, उरलेला मुठीतच घेऊन जायचं. एका फेरीला एकच माणूस: आधी कलेक्टर, मग एसपी, मग पालकमंत्री.

पहिल्या वर्षी सरकी नव्हती, तिच्या जागी खडा होता. तेव्हा झालेली फजिती सर स्वतःच रंगवून सांगत. गावोगावी पिशव्या उघडाव्यात तर आत नुसती ज्वारी. ज्या कलेक्टरांनी त्या गावांत कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तेही सर्वांचे लाडके ठरले. सरांना झोप लागेना. एका गावी परत जाऊन त्यांनी गयाबाई नावाच्या बाईला विचारलं, की मावशी, एवढं चांगलं चाललंय का तुमच्याकडं? गयाबाई म्हणाली, "कशाचं चांगलं? अवो सर, जलम गेला खडे निवडण्यात. आन तुमी म्हणता धान्यात खडा टाका. हात धजल का?" सरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि बीडपर्यंत गाडीवर मागं बसून हसत राहिले. दुसऱ्या वर्षापासून खडा गेला, सरकी आली.

सर भित्रे नव्हते, पण धीटपणा मिरवतही नव्हते. उमापूरच्या बाजारात एकदा काळा गॉगल लावलेला एक कार्यकर्ता दोघांना घेऊन आडवा आला. "कुणाचे माणसं बे तुमी? दाखव ती पिशवी." बाजार थबकला. सरांनी पिशवी पुढं केली आणि त्याच्या हातावर दोन दाणे ठेवले. म्हणाले, "बघा की. आधी तुमचा हात घाला, मग बघा." आणि पाठ फिरवून उभे राहिले. एवढ्या लोकांपुढं त्याला नाही म्हणता येईना, त्यानं मूठ घातली. सरांनी पिशवी खळखळून हलवली. "आता उघडा खुशाल. फकस्त एखादी सरकी निघाली, तर लोक म्हणतील तुमचीच." त्याचा जोडीदारच फिदीफिदी हसला. पिशवी कुणी उघडली नाही.

सरांचा एक नियम मला सगळ्यात अवघड जायचा. काही माणसं पिशवीत मूठ घालत आणि दोन्ही दाणे तसेच परत नेत; मोजणीत दाणे मुठींपेक्षा कमी भरत, त्यावरून ते कळे. मी त्यांची 'माहीत नाही' म्हणून नोंद केली की सर चिडत. "ज्याला ठावं न्हाई त्यो पिशवीत हातच घालत न्हाई, मास्तर. ज्यानं हात घातला आन काय टाकलं न्हाई, त्याला ठावं हाय, पर त्यो सांगत न्हाई. 'सांगता येत न्हाई' आन 'सांगत न्हाई' ह्यांची भेळ करू नका. गप बसणं हेबी उत्तर हाय. ते वाचायला शिका." मी शिकलो. चांगलाच शिकलो.

आता त्या वर्षाबद्दल. मोजणी सरांच्या घरी, दिवाणखान्यात चादर अंथरून, आम्ही दोघंच करत असू. गावाची पिशवी रिकामी करायची, मोजायची आणि लगेच दाणे मोठ्या ढिगात मिसळून टाकायचे, म्हणजे पुन्हा कुठलं गाव काय बोललं हे खुद्द ब्रह्मदेवालाही कळू नये. त्या वर्षी एका गावाची पालकमंत्र्यांच्या फेरीची पिशवी उलटी केली, तर चादरीवर सरकीच सरकी पसरली. ज्वारी शोधावी लागली. ते गयाबाईचं गाव होतं. गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. कुठल्या रस्त्याला, हेही नाही.

सरांनी तो ढीग हातानंच मोठ्या ढिगात लोटला. म्हणाले, "हे आपल्या दोघांलाच ठावं. आता तेबी इसरायचं."

दैनिकात जिल्ह्याचा एकूण कौल छापून आला. पालकमंत्री सगळ्यात खाली होते. त्यानंतर हवा बदलली. कॉलेजच्या फाटकापाशी अनोळखी पोरं गाड्यांवर बसून राहू लागली. सर तासाला निघाले की त्यांतलं एखादं हॉर्न वाजवी. प्राचार्य व्हरांड्यात समोर आले की खिशातला फोन काढून कानाला लावत. सर नेहमीसारखेच चालत, फक्त पिशवी घरी ठेवून येत.

आणि मला आबासाहेबांचा निरोप आला. ते आमच्या संस्थेचे सचिव, पालकमंत्र्यांच्या बैठकीतले. माजलगावकडं उसात त्यांचा बंगला होता. माझ्या कायम नेमणुकीची ऑर्डर त्यांच्या सहीवाचून अडली होती, निरोपही 'ऑर्डरचं बघू' असाच होता. भर दुपारी गेलो. त्यांनी मला वेताच्या खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातानं कप दिला. घरची चौकशी केली. मग म्हणाले, "साहेबांनी लई मनाला लावून घेतलंय. कुणाचं वाईट करायचं न्हाई त्यानला. कुठं कमी पडलो तेवढं कळावं, म्हणजे सुधारता येतंय. तुमच्या सरांना इचारून फायदा न्हाई, त्यो दगड हाय. तुमालाबी इचारत न्हाई मी. शपथ-बिपथ असंल तुमची. मी आपला नावं घेतो. तुमी चहा घ्या."

आणि ते एकेका गावाचं नाव घेऊ लागले. सावकाश, जपमाळ ओढावी तसे. प्रत्येक नावानंतर थांबायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. मीही सरळ त्यांच्याकडं बघत राहिलो. उसाच्या पाचटाचा सळसळाट तेवढा ऐकू येत होता. मग ते नाव आलं.

मी कपात बघितलं.

"चहा गार झाला व्हय?" आबासाहेब आत बघून म्हणाले. "आरे, मास्तरांना दुसरा आणा." पुढची नावं त्यांनी घेतली नाहीत.

मी गावाचं नाव सांगितलं नाही, हे वाक्य मी नंतर किती वर्षं स्वतःला ऐकवत आलो. ते खोटं नाही. पण नजर आपसूक खाली गेली, असं जे मी त्याच्यापुढं जोडत असे, ते खोटं आहे. गप्प माणसाचं उत्तर कसं वाचतात हे मला शिकवलेलं होतं. आबासाहेब वाचतील हे मला ठाऊक होतं. मी वाचू दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावचा टँकर बंद झाला. आधी डिझेल नव्हतं, मग ड्रायव्हर रजेवर होता, मग रस्ता खराब होता. शेजारच्या गावांना त्याच रस्त्यानं टँकर जात होते. बाया टेकडीपलीकडच्या विहिरीवर जाऊ लागल्या.

त्याच उन्हाळ्यात, नव्या वर्षाच्या कौलासाठी आम्ही त्या गावात गेलो. पारावर माणसं होती, पण कुणी उठलं नाही. सर पिशवी धरून पाठ फिरवून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मागून कुणी येत नव्हतं, हे त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. शेवटी गयाबाई आली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात अडकवलेला. विहिरीच्या पायरीवरून घसरली होती. "ह्योच हात घातलता मी," ती म्हणाली. सर वळले. ती आवाज न चढवता पुढं म्हणाली, "सर, तुमच्या पिशवीला भोक हाय."

सरांनी खरोखरच पिशवी उलटी केली. शिवण न् शिवण बोटानं चाचपली. मग घडी घालून खिशात ठेवली आणि गाडीवर माझ्या मागं येऊन बसले.

आम्ही हमरस्त्याला लागलो. मग कानाशी आवाज आला. "मास्तर, तुमचं तोंड मला दिसत न्हाई. म्हणून आत्ता इचारतो. कुठून फुटलं असंल?"

"सांगता येत नाही, सर," मी म्हणालो.

एक ट्रक गेला. दुसरा गेला.

"सांगता येत न्हाई," सर म्हणाले, "का सांगत न्हाई?"

मी हॉर्न वाजवला. समोर रस्ता मोकळा होता.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दैनिकाला त्यांनी कळवून टाकलं, "बेसावधपणे माझ्याच तोंडून गावाचं नाव गेलं, यापुढं कौल काढायला मी लायक नाही." कॉलेजातही हेच सांगितलं. मोजणारे दोघंच होते, हे ज्यांना माहीत होतं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हाही कुठंतरी खालीच पाहिलं असणार. मग सर रोज तास संपवून तहसीलच्या बाकावर जाऊन बसू लागले. अर्ज दिला, परत आला, पुन्हा दिला. शिपाई त्यांना 'टँकरवाले सर' म्हणू लागला. शेवटी गावात टँकर सुरू झाला, तोवर आभाळ भरून आलं होतं.

माझी ऑर्डर निघाली त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये माझ्यापाशी आले, हात हातात घेतला. "चांगलं झालं. आता तुमाला कुणाला भ्यायचं कारण न्हाई." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर ते लेकीकडं पुण्याला निघाले. टेम्पोत सामान चढवायला मी गेलो होतो. सगळं लागल्यावर त्यांनी झोळीतून ती पिशवी काढली, माझ्या तळहातावर ज्वारी आणि सरकी ठेवली. "प्रश्न तुमाला ठावा हाय," म्हणाले आणि पाठ फिरवून कडुलिंबाकडं बघत राहिले.

मी मूठ आत घातली. आत पिशवी उबदार होती. कितीतरी वेळ मूठ उघडेना. मग मी ती तशीच बाहेर काढली.

सरांनी पिशवी कानाशी नेऊन हलवली. आवाज आला नाही. "बरं," एवढंच म्हणून ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला, सर गेले. त्यानंतर काही दिवसांनी मी त्या गावात गेलो. गयाबाई अंगणात सुपात ज्वारी घेऊन बसली होती. मनगट वाकडं जुळलेलं, तरी बोटं सरसर चालत होती. मी चपला काढून जमिनीवर बसलो आणि सांगितलं. आबासाहेब, ती नावं, तो कप, सगळं.

ती ज्वारी निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "ठावं हाय मला. सर आलते की मागं. म्हणले, मावशी, माझ्याच तोंडून गेलं. पर माझ्याकडं पाठ करून सांगितलं त्यानी. म्हणलं, ह्यो माणूस लोकांला खरं बोलता यावं म्हणून पाठ करतोय, आज सोताला खोटं बोलता यावं म्हणून केलीय. मग ऱ्हायले तुमीच." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "पर तुमी एवढे दिस कावून न्हाई सांगितलं?"

"सांगता येत..." मी म्हणालो आणि थांबलो. "सांगत नव्हतो, मावशी."

"बरं," ती म्हणाली. सूप खाली ठेवून आत गेली आणि डाव्या हातानं तांब्या घेऊन आली. "पाणी प्या. उन्हाचं आलाय."

तांब्या काठोकाठ भरलेला होता.