राजाबाईचा कंद

भरे गावच्या वरच्या अंगाला धनगरांची चार घरं आहेत. त्यातलं एक राजाबाईचं. नात्यानं ती माझी चुलत आजी. मेंढराचा पाय मोडला की लोक तिच्याकडे यायचे. ती एक कंद ठेचून लावायची, वरून बांबूच्या कामट्या बांधायची. कंद आणायला म्हणून ती कधी गेली नाही. मेंढरं चारता चारता वाकायची, तीन झाडांतलं एकच उपटायची आणि ओटीत टाकून पुढं व्हायची. बघणाऱ्याला वाटायचं, पायातला काटा काढतेय. जागा घरातही कुणाला ठाऊक नव्हती. सुनेचं पहिलं मूल चालायला लागलं की सासूनं त्या सुनेला जागा दाखवायची, अशी त्यांच्यात रीत.

२००६ साली पुण्याहून कल्पना नावाची मुलगी पीएचडीसाठी आली. दोन महिने मेंढरांमागं फिरली. "आजी, प्रबंधात तुमचं नाव, गाव काही येणार नाही," असं तिनं सांगितलं, आणि ते तिनं पाळलंही. आजीला वाटलं, पुस्तक कपाटात राहतं. तिनं जागा दाखवली. कल्पनानं हातातल्या जीपीएस यंत्रावरचे आकडे टिपून घेतले.

तीन वर्षांनी प्रबंध इंटरनेटवर चढला, आकड्यांच्या तक्त्यासकट. त्याच भाद्रपदात डोंगराखाली जीप आल्या. माणसं उतरली, कुदळी घेऊन नेमकी तिथंच गेली.

माझी नोकरी हिंजवडीला. मी इंटरनेटवर शोधून तो तक्ता छापून आणला आणि आजीला नकाशावर जागा दाखवली.

"म्हंजी नाव झाकलं आन् वाट दावली व्हय?" ती म्हणाली. "नाव छापलं असतं तरी चाललं असतं. मला कोन उपटून नेतंय!"

पुढच्या पावसाळ्यात सून उज्वलाचं पोर चालायला लागलं, तसं आजीनं तिला वर नेलं. नुसते खड्डे. एक कोंब नाही.

मी कळवल्यावर कल्पना आली. "आजी, साइटवरून सगळं काढून टाकलंय."

"आता काढून काय? ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं."

कल्पना रडायला लागली. आजीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "फोटू हायेत का तुज्याकडं? त्या झाडाचा एक हिला दे. दुसऱ्या डोंगराला घावलं तर वळखाय तरी यील."

उज्वला फोटो निरखत बसली. "आत्या, असल्या पानाची लई झाडं हायेत की."

"वासावरनं वळखायचं असतंय."

"कसला वास?"

आजीनं बराच विचार केला. "सांगता न्हाई यायचं," म्हणाली, आणि मेंढरं सोडायला उठली.